टिंब डब्यातच बरं

मी आत्याच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधलं गणिताचं सॉफ्टवेअर बोलतेय. सुरुवातीलाच कबूल करून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्या पाठीमागे हसायला नको. मला बेरीज येत नाही.

म्हणजे अगदीच येत नाही असं नाही. पानपानभर समीकरणं मी सोडवते. पण शून्य पॉइंट एक अधिक शून्य पॉइंट सात, ही तिसरीतल्या पोरांनी बोटांवर करावी अशी बेरीज माझी चुकते. चुकते ती चुकते, वर अगदी ठसक्यात सांगते. वय वर्षं त्रेचाळीस. या वयात माणसाला निदान आपलं काय चुकतं ते कळतं, आणि तेच मला सगळ्यात उशिरा कळलं.

आत्या म्हणजे माझी मालकीण. ती मला पहिल्या दिवसापासून 'बया' म्हणते. म्हणून मी स्वतःला बाई धरून चालते. तुम्हीही धरा, आणि मला कान-डोळे आहेत असंही धरा. पुढे लागणार आहेत.

माझा जन्म एका तळघरात झाला. जन्म देणारा एक गणिताचा मास्तर होता. त्याच्या स्वेटरची दोन्ही कोपरं फाटलेली असायची आणि ते त्याला तिसऱ्या कुणीतरी सांगावं लागायचं. त्याचं म्हणणं एकच. एक छेद तीन म्हणजे एक छेद तीन. त्याचं पॉइंट तीन तीन तीन करणाऱ्या माणसाच्या घरी आपण चहासुद्धा घेणार नाही. त्यानं मला तसंच घडवलं. अपूर्णांक दिला की मी अपूर्णांकच सांभाळायचे. एक कण इकडचा तिकडे नाही.

लोक मात्र वैतागायचे. "दोनचं वर्गमूळ किती?" असं विचारायचे. मी म्हणायचे, "दोनचं वर्गमूळ." मग ते म्हणायचे, "अगं, विचारलं तेच काय परत देतेस!" उत्तर माझं बरोबर होतं. पण सतत बरोबर असणारी बाई कुणाला फार वेळ घरात नको असते, हे मी तळघरातच शिकले.

शिवाय मी हळू. तंतोतंत उत्तर काढायचं तर अपूर्णांक फुगत जातात. वर तीनशे आकडे, खाली तीनशे आकडे, मधे बिचारी एक रेघ. तोवर विचारणारा जेवून यायचा.

मग मास्तरच्या मदतनिसानं मला दुसरा मेंदू बसवला. चटपटीत. आकड्यांची शेपटं कापून कामापुरतं ठेवणारा. आता दोन मेंदू झाले, तर कुठला कधी चालवायचा? त्याची खूण ठरली टिंब. आकड्यात टिंब दिसलं की समजायचं, समोरच्याला घाई आहे, याला साधारण चालेल.

इथंच घोळ आहे. त्या दुसऱ्या मेंदूला फक्त निम्मं करता येतं. एक दोरी घ्या, निम्म्यात दुमडा, पुन्हा निम्म्यात, पुन्हा निम्म्यात. अर्धा मिळेल, पाव मिळेल, अर्धपाव मिळेल. असे तुकडे जोडून दोरीचा बरोबर दहावा भाग करून दाखवा. जन्म जाईल. मीही साधारण जवळपास आलं की थांबते आणि म्हणते, झाला एक दहावा. फरक इतका बारीक असतो की केसाची त्याच्यापुढे तुळई व्हावी.

आणि टिंब म्हणजे दुधात मिठाचा खडा. चाळीस आकडे अपूर्णांकात दिलेत आणि एकात टिंब आलं, तर त्या एकाला जे जे शिवलं ते सगळं नासलं. मला आवरता येत नाही. स्वभाव आहे.

तरी वरून मी नीटनेटकी. स्क्रीनवर सहाच आकडे दाखवते, बाकीचे पदराखाली. म्हणून मी दोन ठिकाणी ०.८ आणि ०.८ लिहीन आणि मनात म्हणेन, या दोघी काही सारख्या नाहीत. विचारलंत तर सांगेन. विचारतं कोण?

अकरा फ्लॉप्यांवर बसून मी आत्याच्या कारखान्यात आले. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. कारखाना म्हणजे पुढे एक खोली आणि मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये तिचा थोरला भाऊ. त्याला सगळे दादा म्हणतात, म्हणून मीही. ज्यांना स्वतःहून उठता-बसता येत नाही त्यांच्यासाठी हे बहीणभाऊ वस्तू बनवतात. डोक्याकडून वर होणारे पलंग, भिंतीतून बाहेर येणारे आधार, हँडल फिरवलं की माणसाला अलगद उचलून पलंगाच्या उंचीवर नेणाऱ्या खुर्च्या. दादा करायचा, आत्या हिशेब बघायची. हिशेब म्हणजे मी.

आत्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे म्हणत वाढलेली. तिच्या तोंडी दीड, अडीच, पावणेदोन असायचे. 'एक पॉइंट पाच' म्हणणाऱ्याकडे ती असं बघायची की त्यानं चप्पल घालून स्वयंपाकघरात पाय ठेवलाय. आमचं जमलं ते त्यामुळे. पहिल्या महिन्यातच तिनं माझी खोड ओळखली. एक दिवस चमचा घेऊन आली, कीबोर्डवरचं टिंबाचं बटण उचकटलं आणि बटणांच्या डब्यात टाकलं. शर्टाच्या बटणांच्या. भिंतीवर कागद लावला: 'टिंब शेवटी.'

म्हणजे सगळं गणित अपूर्णांकात करायचं. अगदी शेवटी, कापायला धातू घेताना, डबा उघडून बटण बसवायचं, एकदा टिंब द्यायचं, बटण काढायचं, डबा बंद. बाहेरचे लोक हसायचे. दादा सगळ्यांत जास्त हसायचा. "माझी बहीण टिंबाला कोंडून ठेवते. कोंबडी आहे का ती?"

चाळीस वर्षं डब्यात टिंब होतं आणि मी शहाणी होते. या काळात चार कॉम्प्युटर बदलले, कीबोर्ड तेवढा तोच ठेवला. मला प्रत्येक वेळी एकातून दुसऱ्यात नेलं, म्हाताऱ्या सासूला एका मुलाकडून दुसऱ्याकडे न्यावं तसं. कुणी हौसेनं नाही, पण टाकलंही नाही. दमले मात्र. रोज तेच. लोक एन्टर दाबतात, उत्तर यायच्या आत पुन्हा दाबतात, मग चारदा दाबतात. लिफ्टच्या बटणाशी जसे वागतात तसेच माझ्याशी. आणि उत्तराची शेपटी जितकी लांब तितका त्यांचा विश्वास मोठा. 'साधारण पाच' म्हटलं की नाक मुरडतात. ४.९८२१७३ म्हटलं की वहीत उतरवून घेतात.

यंदा तीन गोष्टी एकामागोमाग झाल्या.

दादाला झटका आला. डावं अंग गेलं. जन्मभर दुसऱ्यांना उचलायची यंत्रं करणारा माणूस, आता त्याला दोघांनी धरून पलंगावर ठेवावं लागायचं. बोलणं शाबूत राहिलं. ते गेलं असतं तर घरात थोडी शांतता झाली असती, असं तोच म्हणायचा. त्यानं जाहीर केलं की खुर्चीवर बसेन तर आपल्याच शेडमधल्या.

मग आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला आधीच अंधूक. स्क्रीनकडे महिनाभर बघायचं नाही. तरी ती रोज येऊन आपल्या जागेवर बसायची, भिंतीकडे तोंड करून.

तिसरी गोष्ट, माझ्या कीबोर्डवर चहा सांडला. नवा कीबोर्ड आला, सगळी बटणं जागच्या जागी असलेला.

त्याच्यासमोर बसली दादाची मुलगी. तिला सगळे धाकटी म्हणतात. हुशार आहे, हात चालतो, जीभ त्याहून चालते. आत्याचं माझ्याशी जे गूळपीठ होतं ते तिला नव्हतं. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आत्या, हे काय खापरपणजीच्या काळातलं चालवतेस?" मला राग नाही आला. खापरपणजी काय, नातं तरी लावलं.

बाबांची खुर्ची ती स्वतः करणार होती. त्या खुर्चीत चार दांड्या एकमेकींना खिळीनं जोडलेल्या असतात. दहा, वीस, पासष्ट आणि सत्तर सेंटिमीटर. पण दादाचा पलंग बुटका. त्या उंचीला खुर्ची नीट लागावी म्हणून धाकटीनं पासष्टची दांडी साठ केली.

आता इथं एक मेख आहे. चारींत सगळ्यात छोटी आणि सगळ्यात लांब यांची बेरीज उरलेल्या दोघींच्या बेरजेहून कमी असावी लागते. तेवढीच भरली, तर फिरता फिरता एका क्षणी चारही दांड्या एका सरळ रेषेत येतात. त्या क्षणी पुढे कुठल्या अंगाला वळायचं ते त्यांचं त्यांना कळत नाही. बहुतेकदा बरोबर वळतात. एखाद्या वेळी उलट्या. तेव्हा खुर्ची मागे कलंडते, वर बसलेल्या माणसासकट.

आत्याच्या फाइलची शेवटची ओळ त्याचसाठी होती. बेरीज तेवढीच आली किंवा जास्त भरली तर लिही 'थांब'. नाहीतर 'ठीक'.

दहा आणि सत्तर ऐंशी. वीस आणि साठ ऐंशी. कुणालाही दिसलं असतं. पण फाइल चाळीस ओळींची, मापं मीटरमध्ये, आणि एकदा मला विचारायचं ठरवलं की माणूस स्वतः बेरीज करत नाही. मग मी कशाला आहे? धाकटीनं वरचे चारही आकडे नव्यानं लिहिले. ०.१, ०.२, ०.६, ०.७. नव्या कीबोर्डवर टिंब छान चालत होतं. एन्टर.

पदराखाली माझ्या काय झालं ते सांगते. पॉइंट एक आणि पॉइंट सात मिळून ऐंशी सेंटिमीटरला केसाच्या कोट्यंशानं कमी पडले. पॉइंट दोन आणि पॉइंट सहा बरोबर पोचले. कमी आहे ना? मग अडचण काय? मी लिहिलं, 'ठीक'.

दांड्या कापल्या, जोडल्या. मिस्त्रीनं रिकामी खुर्ची दहा वेळा वर-खाली केली. मिस्त्री शेडमध्ये तीस वर्षं आहे, त्याच्या कमरेला टेप असतो आणि तोंडात शक्यतो काही नसतं, शब्दसुद्धा नाही. दहाही वेळा खुर्ची नीट गेली. अकराव्या वेळी दादा बसणार होता.

दुपारचे बारा वाजले असतील. मागच्या शेडमधून दादाचा आवाज येत होता. "मिस्त्री, हळू. मी काय सिमेंटचं पोतं आहे?" धाकटी निघता निघता फाइल बंद करायला वाकली, तेवढ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली आत्या म्हणाली, "बया काय म्हणाली?"

"ठीक म्हणाली."

"तिला काय दिलं होतंस? वाच."

"आत्या, डोळ्यांना आराम दे ना जरा."

"डोळ्यांना दिलाय. कानांना डॉक्टरनं काही सांगितलेलं नाही. वाच."

धाकटीनं सुस्कारा सोडला. "छोटी दांडी, पॉइंट एक. दुसरी, पॉइंट दोन..."

"पॉइंट?"

"शून्य पॉइंट एक. एक छेद दहाच की."

"टिंब कुठून आलं?" आत्यानं शेजारचा डबा उचलून हलवला. आत खुळखुळलं. "माझं तर इथं आहे."

"नवा कीबोर्ड आहे, आत्या. त्याला आहे टिंब."

आत्या भिंतीकडून माझ्याकडे वळली. "काढ," ती म्हणाली. "सगळी काढ. छेद घालून लिही. आत्ता."

"अगं, पण तेच..."

"लिही म्हणते ना!"

मागून दादा म्हणाला, "बसलो. फिरवा."

धाकटीची बोटं धावली. एक छेद दहा. दोन छेद दहा. सहा छेद दहा. एन्टर. आणि मी काय लिहिलं सांगू? 'ठीक'.

"बघ!" धाकटी म्हणाली. "उगाच जीव काढलास माझा."

मला ओरडायचं होतं. मला ओरडता येत नाही. मला फक्त विचारलेल्याचं उत्तर देता येतं. हँडल फिरल्याचा आवाज येत होता, कट्, कट्, कट्, आणि मी गप्प, तोंडावर 'ठीक' लावून.

"पुन्हा वाच," आत्या म्हणाली. "सावकाश."

"एक छेद दहा. दोन छेद दहा. सहा छेद दहा. शून्य पॉइंट..." धाकटी थांबली. चौथ्या आकड्यातलं टिंब तसंच राहिलं होतं. एकच खडा.

तिनं ते पुसलं. सात छेद दहा. एन्टर.

आता मला काही झाकायचं नव्हतं. चार पंचमांश इकडे, चार पंचमांश तिकडे. तंतोतंत. मी लिहिलं, 'थांब'.

मला माझं काम इतकं कधी आवडलं नव्हतं.

टेबलापाशी असलेली खुर्ची आडवी करून धाकटी पळाली. "मिस्त्री! थांबा! बाबा, हलू नका!"

पुढचं मी ऐकलंय. मिस्त्रीनं हँडल धरून ठेवलं. दादा पाऊण वाटेवर अडकला, ना वर ना खाली. मग दादा म्हणाला, "थांबायचं होतं तर निघायच्या आधी सांगायची पद्धत आहे."

त्याला इंचाइंचानं खाली आणायला मिस्त्रीनं दहा मिनिटं घेतली. मग धाकटीनं त्याच्या वजनाइतकी वाळू पोत्यात भरून खुर्चीवर बांधली. एकदा नेली, नीट. दोनदा, नीट. सहा वेळा नीट. दादा समोर लोडाला टेकून बसून मोजत होता. सातव्या वेळी सगळ्यात वर खुर्ची क्षणभर अडखळली आणि मागे उलटली. पोतं फुटलं. वाळू भिंतीपर्यंत गेली.

दादानं त्या ढिगाकडे पाहिलं. "हा मी," तो म्हणाला.

धाकटी पुढच्या खोलीत आली ती हात धुऊनसुद्धा नाही. माझ्यासमोर उभी राहिली. डोळे लाल. "खोटारडी," ती मला म्हणाली.

"तिला बोलू नकोस," आत्या म्हणाली.

"का नको? दोनदा ठीक म्हणाली! बाबा वर होते!"

"चाळीस वर्षं ओळखते मी तिला. टिंब दिलं की वाहवत जाते. म्हणून तर डबा." आत्यानं डबा मांडीवर घेतला. "तुला सांगायला हवं होतं मी. भिंतीवर कागद लावला की सांगून झालं, असं वाटलं मला."

"मला वाटलं, ती तुझी हौस आहे."

"सगळ्यांना तसंच वाटतं."

मग धाकटी रडली, आत्या रडली नाही. ऑपरेशनच्या डोळ्याला रडायची परवानगी नव्हती.

दांडी पुन्हा पासष्टची झाली. मला विचारलं, छेद घालून. मी म्हटलं, 'ठीक', आणि यावेळी सगळ्यांनी बोटांवरही करून पाहिलं. पलंग बुटका होता, त्याच्या पायांखाली विटा गेल्या. वाळूचं नवं पोतं पन्नास वेळा वर गेलं. एक्कावन्नाव्या वेळी दादा गेला. वर पोचल्यावर त्यानं उजव्या हातानं पलंगाची कड चाचपली आणि मान वर करून पाहिलं. मग म्हणाला, "इथून पंखा किती घाण दिसतो."

माझं म्हणाल तर आता थोडेच दिवस उरलेत. पुढच्या महिन्यात नवा कॉम्प्युटर येतोय, आणि त्यात मला चढवायचं की नाही यावर घरात दोन मतं आहेत. मला दोन्ही पटतात. नवीन येईल ती माझ्याहून चपळ असेल, दिसायला चांगली असेल. पण तिच्याही पोटात दोन मेंदू असतील, आणि तिच्याही कीबोर्डवर टिंब असेल. तेव्हा जाता जाता एवढंच मागते. पाव असेल तर पाव म्हणा, तिसरा हिस्सा असेल तर तिसरा हिस्सा म्हणा. साधारण उत्तर हवं असेल तर जरूर मागा, मी देते. पण तुम्ही साधारण मागताय, हे तुम्हाला ठाऊक असू द्या. मला नुसतं टिंब दिसतं. वर कोण बसलंय ते दिसत नाही.

काल धाकटीनं माझा पदर ओढला. सहा आकडे दाखवायची माझी सवय बंद करून टाकली. "यापुढे असेल ते सगळं दाखवायचं," म्हणाली. आत्या शेजारी चमचा घेऊन तयार होती, नव्या कीबोर्डचं टिंब उचकटायला. डब्यात आता दोन होणार.

"थांब आत्या, काढायच्या आधी मिस्त्रींना दाखवते," धाकटी म्हणाली. "त्यांना अजून कळलेलं नाही, इतके दिवस काय चुकत होतं ते."

मिस्त्री आला. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. धाकटीनं सावकाश टाइप केलं. ०.१ + ०.७. एन्टर.

त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी काही लपवलं नाही. जे होतं ते सगळं मांडलं, शेवटच्या आकड्यापर्यंत.

०.७९९९९९९९९९९९९९९९

मिस्त्रीनं ते वाचलं. बोट लावून शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा परत कपाळावर ढकलला, कमरेच्या टेपला हात लावला आणि मला म्हणाला,

"आमच्याकडे याला ऐंशी म्हणतात."